गाडीचा वायरिंग डायग्राम वाचायचा कसा? एका वेळी एकच सर्किट

तांबेतार

वायरिंग डायग्राम पहिल्यांदा उघडला की बहुतेक जण तो लगेच मिटून ठेवतात. पानभर रेघा, प्रत्येकीवर अक्षरं आणि आकडे, मध्येच चौकोन, आणि हातातली गाडी या कागदात नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. मी बरीच वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतोय. हा कागद अवघड नाही, तो वाचायची रीत कोणी बसून सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या धाग्यांवर अधूनमधून हा विषय निघतो, म्हणून हा स्वतंत्र धागा.

सगळ्यात आधी: अख्खा डायग्राम वाचायचाच नाही. जे चालत नाहीये ते कागदावर शोधायचं. हॉर्न, वायपर, फॅन, काय असेल ते. त्याच्यावर बोट ठेवायचं आणि तिथून दोन्ही दिशांना जायचं. एक वाट बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, दुसरी अर्थिंगपर्यंत. या वाटेत न येणारी प्रत्येक रेघ आजच्यापुरती सोडून द्यायची. मी डायग्रामची झेरॉक्स काढतो आणि स्केचपेनने रंगवतो: सतत करंट असलेली वाट लाल, स्विच किंवा रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पुढची हिरवी, अर्थिंगची निळी. तीन रंग झाले की पानावर एकच सर्किट उठून दिसतं.

लोक पॉझिटिव्हची वाट बघतात आणि तिथेच थांबतात. अर्थिंगची वाट कोणी बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत दोष मात्र फार वेळा त्याच वाटेवर सापडतो.

आता चिन्हांची भाषा. दोन रेघा एकमेकींना छेदून जातात आणि छेदाच्या जागी ठिपका नाही, तर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. ठिपका आहे, तर त्या जोडलेल्या आहेत. रेघेवरचा मजकूर, समजा ०.८५ आणि पुढे बी/डब्ल्यू, याचा अर्थ ०.८५ चौरस मिलिमीटरची काळी वायर, तिच्यावर पांढरी बारीक पट्टी. मूळ रंग आधी, पट्टीचा रंग नंतर. पांढऱ्या वायरवर काळी पट्टी ही पूर्ण वेगळी वायर असते, ती डब्ल्यू/बी. तुटक रेघेने वेढलेला चौकोन म्हणजे त्या भागाचा फक्त काही हिस्सा इथे दाखवलाय, बाकीचा दुसऱ्या पानावर आहे.

आणि सगळे स्विच, सगळे रिले साधारणपणे गाडी बंद असतानाच्या स्थितीत काढलेले असतात. चावी काढलेली, बटण न दाबलेलं, रिलेला करंट नाही. हे लक्षात नसेल तर रिलेचा संपर्क उघडा दिसतो आणि वाटतं की वाट इथेच तुटली.

उदाहरण म्हणून हॉर्न घेऊ. बऱ्याच चारचाकींत त्याची रचना अशी असते: बॅटरी पॉझिटिव्हवरून फ्यूज, फ्यूजमधून एक फाटा रिलेच्या ३० नंबरला आणि एक ८६ ला. ८५ नंबरवरून वायर स्टिअरिंगवरच्या बटणाकडे जाते आणि बटण दाबलं की तिला अर्थिंग मिळतं. ८७ नंबरवरून वायर हॉर्नला, हॉर्नची दुसरी बाजू बॉडीला. म्हणजे बटण हॉर्नला करंट देत नाही. ते फक्त रिलेच्या कॉइलचं अर्थिंग पुरं करतं. कॉइलचा रेझिस्टन्स शंभर ओहमच्या आतबाहेर, म्हणून बटणातून जेमतेम ०.१५ अँपिअर जातो. हॉर्नचे चार-पाच अँपिअर जातात ते ३० आणि ८७ मधून.

एवढं कागदावर दिसलं की तपासणी आपोआप ठरते. रिले उपसा. टेस्ट लॅम्पची (करंट मिळाला की पेटणाऱ्या तपासणीच्या छोट्या दिव्याची) क्लिप बॅटरी निगेटिव्हला लावून टोक सॉकेटच्या ३० च्या आणि मग ८६ च्या खाचेत धरा. दोन्हीकडे लागला पाहिजे. नाही लागला तर फ्यूज आणि त्याच्या अलीकडची वाट बघा. आता क्लिप पॉझिटिव्हला लावा, टोक ८५ ला, आणि कोणाला तरी हॉर्नचं बटण दाबायला सांगा. लॅम्प लागला तर बटण आणि त्याचं अर्थिंग ठीक आहे. शेवटी फ्यूज बसवलेल्या वायरच्या तुकड्याने ३० आणि ८७ जोडा. हॉर्न वाजला पाहिजे. नाही वाजला तर दोष हॉर्नमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. तिन्ही परीक्षा पास झाल्या, तर रिलेच खराब. गाडीखाली न शिरता, एकाही वायरची टेप न सोलता, एका सॉकेटपाशी उभं राहून अख्खं सर्किट तपासून झालं.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिथल्या पिवळ्या कपलरांना, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगना, हात लावायचा नाही, त्यांच्यात मीटरची टोकं घालायची नाहीत आणि त्या सर्किटचा रेझिस्टन्सही मोजायचा नाही.

शंका विचारा. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला.

शंकासमाधान_नाशिक

फारच छान. हे ३०, ८५, ८६, ८७ नंबर आले कुठून? सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात का?

नेकारकाठ

याचं उत्तर मी देतो. मी श्टुटगार्टजवळ वाहन उद्योगातच काम करतो आणि हे नंबर इथे रोजच्या बोलण्यात असतात. ते जर्मन मानक डीआयएन ७२५५२ चे. वायर कुठल्या रंगाची आहे ते हा नंबर सांगत नाही. तिचं काम काय आहे ते सांगतो. नेहमी लागणारे असे:

३० म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम करंट. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा. ३१ अर्थिंग. ५० म्हणजे सेल्फला मिळणारा इशारा. ४९ फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) जाणारा आणि ४९ए फ्लॅशरमधून लुकलुकत बाहेर येणारा. ५४ ब्रेकलाइट. ५६ए अप्पर, ५६बी डिपर. ५८ टेललाइट, पार्किंग आणि डॅशचे दिवे. रिलेवर ८५ आणि ८६ कॉइलची टोकं, ८७ करंट मिळाल्यावर जुळणारा संपर्क, ८७ए करंट नसताना जुळलेला.

रिलेचे नंबर जगभर रूढ झालेत, पण जपानी रिलेवर कधी कधी नुसते १, २, ३, ५ असे आकडे असतात. तेव्हा रिलेच्या अंगावर छापलेलं छोटं चित्र बघायचं. कॉइल आणि संपर्क त्यात स्पष्ट असतो.

जर्मन डायग्राममध्ये आणखी एक पद्धत आहे, तिच्यामुळे भारतात बरेच जण गोंधळतात. चाकणला बनलेल्या पोलोचा डायग्राम घ्या. वरच्या बाजूला फ्यूज आणि रिलेची पट्टी, खाली अर्थिंगची आडवी रेघ, आणि तिच्याखाली ओळीने आकडे. प्रत्येक उभ्या वाटेला तिचा आकडा. एखादी रेघ मध्येच संपते आणि टोकाला छोट्या चौकोनात, समजा, ६४ लिहिलेलं असतं. म्हणजे ती तुटलेली नाही. ६४ नंबरच्या वाटेवर जा, तिथे तशीच संपलेली रेघ सापडेल, आणि तिच्या चौकोनात तुम्ही निघालात त्या वाटेचा आकडा असेल. रेघा एकमेकींवरून जाऊ नयेत म्हणून ही सोय. सवय झाली की जपानी डायग्रामपेक्षा हे पटकन वाचता येतं.

स्प्लेंडरस्वार

रंगांचं पक्कं कोष्टक कोणी देईल का? आमच्याकडे सगळे सांगतात की काळी म्हणजे अर्थिंग.

तांबेतार

हे "काळी म्हणजे अर्थिंग" फार घातक आहे, विशेषतः दुचाकींत. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये, म्हणजे तुमच्या स्प्लेंडरमध्येही, अर्थिंग हिरवं असतं. काळी वायर ही चावीनंतरचा पॉझिटिव्ह. लाल बॅटरीवरून थेट. यामाहा पद्धतीत काळी अर्थिंग आणि तपकिरी ही चावीनंतरचा पॉझिटिव्ह. कावासाकी पद्धतीत काळीवर पिवळी पट्टी हे अर्थिंग. आणि जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे चक्क अर्थिंग! यामाहाची सवय असलेल्या माणसाने जर्मन गाडीत तपकिरीवर करंट शोधला तर तो दिवसभर शोधत बसेल. होंडाच्या काळ्या वायरला अर्थिंग समजून बॉडीला टेकवलं तर फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी तारेचा तुकडा घातला असेल तर हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, जळतो.

अक्षरांचंही तसंच. बी म्हणजे काळा, पण निळ्यासाठी कोणी बीएल लिहितं, तर टोयोटा आणि यामाहाच्या डायग्राममध्ये निळा म्हणजे एल. जर्मन कागदावर काळा एसडब्ल्यू, पांढरा डब्ल्यूएस, तपकिरी बीआर, पिवळा जीई. म्हणून सगळ्या गाड्यांना चालेल असं कोष्टक मी देत नाही. डायग्रामच्या पहिल्या पानावर त्या कंपनीची यादी असते, ती आधी वाचायची.

स्प्लेंडरस्वार

धन्यवाद. माझी गाडी जुनी आहे, २०१० च्या आधीची. हेडलाइट आयडलिंगला मंद होतो, रेस दिली की वाढतो. बॅटरी नवी टाकली तरी तसंच. डायग्राममध्ये हेडलाइटची वायर बॅटरीकडे जाताना दिसतच नाही. मीच चुकीचं वाचतोय का?

तांबेतार

अगदी बरोबर वाचताय. तुमच्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर नाहीच. मॅग्नेटोमधून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून, दोन वायर निघतात. पांढरी जाते आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि तिथून डीसी होऊन लाल वायरने बॅटरीला. पिवळी हेडलाइटसाठी, तिच्यात एसी असतो, आरआर युनिट तिचं व्होल्टेज फक्त आटोक्यात ठेवतं. म्हणून युनिटला चार पिना: पांढरी, पिवळी, लाल, हिरवी. इंजिन हळू फिरलं की पिवळीतला व्होल्टेज कमी, म्हणून दिवा मंद. बॅटरी बदलून काहीच फरक पडणार नव्हता, आणि डायग्रामने ते तुम्हाला आधीच सांगितलं होतं. पिवळीवर मोजताना मीटर एसीवर ठेवा. आयडलिंगला थोडा मंद हा त्या रचनेचाच भाग आहे, पण रेस देऊनही प्रकाश वाढला नाही तर कॉइल किंवा युनिट तपासा.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू असताना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, त्यानंतरच्या डायग्राममध्ये हँडलवर हेडलाइट चालू-बंद करायचा स्विच सापडणार नाही. तो शोधत बसू नका.

गॅरेजगप्पा

तांबेतार, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक बोलतो. आमच्या भागातले जुने वायरमन कधी कागद बघत नाहीत. टेस्ट लॅम्प घेतात आणि दहा मिनिटांत दोष काढतात. डायग्राम हे शोरूमवाल्यांचं काम.

शिक्षक_ऑटोइले

मी आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा ट्रेड शिकवतो, म्हणून यावर लिहावंसं वाटलं. त्या वायरमनांच्या डोक्यात डायग्राम असतो. एकाच प्रकारच्या गाड्या पंधरा-वीस वर्षं उघडून तो तयार झालेला असतो आणि त्याला खरोखर मोल आहे. पण आज माझा विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा त्याच्यासमोर आठवड्याला वेगळं मॉडेल येतं. बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत तर साध्या स्कूटरलाही इंजिन कंट्रोल युनिट आहे. तिथे अंदाजाने टेस्ट लॅम्प लावणं महागात पडू शकतं. बल्बवाला टेस्ट लॅम्प शेकडो मिलिअँपिअर ओढतो, आणि सेन्सरच्या वायरी इतक्या करंटसाठी नसतातच.

सेन्सरच्या तीन वायरी डायग्राममध्ये ओळखायला मी मुलांना असं सांगतो. एक वायर युनिटमधून ५ व्होल्ट घेऊन येते, एक परत युनिटमध्येच जाणारं अर्थिंग, आणि तिसरी सिग्नलची. ते अर्थिंग बॉडीला जोडलेलं नाही, युनिटच्या पिनेला गेलंय, हे कागदावरच दिसतं. गाडीवर हात लावून कधीच कळणार नाही. कोणी मधेच तोडून बॉडीला जोडलं की मोजणी बिघडते आणि गाडी झटके देते.

मुलांना मी सुरुवातीला एकच काम देतो. दुचाकीच्या ब्रेकलाइटचं सर्किट कोऱ्या कागदावर स्वतः काढा, मग गाडीवर जाऊन प्रत्येक कपलर शोधा आणि कागदावर त्याची जागा लिहा: टाकीखाली, हेडलाइटच्या डोममध्ये, सीटखाली. डायग्रामवरचं अंतर आणि गाडीतलं अंतर यांचा काही संबंध नसतो. कागदावर शेजारी दिसणारे दोन कपलर गाडीत दोन टोकांना असतात. हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

गॅरेजगप्पा

सर, पटलं. सेन्सरचं मला माहीत नव्हतं. मग नव्या गाडीत वापरायचं काय?

शिक्षक_ऑटोइले

सेन्सर आणि युनिटच्या वायरींना डिजिटल मल्टिमीटर. दिवे, हॉर्न, मोटर यांना टेस्ट लॅम्प उत्तमच, तिथे तो मीटरपेक्षा सरस ठरतो. एखाद्या वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. लॅम्प लावला की तो मंद लागतो आणि खोटं उघडं पडतं.

मिरजेचा_वाटसरू

मदत हवी आहे. घरची व्हॅन, जुनी, सगळे साधे बल्ब. ब्रेक दाबला की उजवा ब्रेकलाइट व्यवस्थित, डावा अगदी मंद. पण त्याच वेळी डावे इंडिकेटर, पुढचा आणि मागचा, दोन्ही अंधुक पेटतात, आणि डॅशवरचा हिरवा बाणही हलकासा लागतो. ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला तर मागचा उलटाच वागतो, पुढचा पेटला की तो विझतो. एका दुकानात दाखवलं, त्यांनी फ्लॅशर बदलला, इंडिकेटरचा स्विच बदलायला सांगतायत. डायग्राम मिळालाय पण समजत नाही.

तांबेतार

स्विच अजिबात बदलू नका. डायग्राममध्ये मागचा डावा लॅम्प शोधा. त्यात ब्रेक, टेल आणि इंडिकेटर हे तीन फिलामेंट दिसतील, आणि तिन्हींची खालची टोकं एका ठिपक्यात येऊन एकाच वायरने अर्थिंगला गेलेली असतील. दिसतंय का?

मिरजेचा_वाटसरू

हो. तिन्ही एकत्र येतात आणि काळी वायर खाली जाते, तीन आडव्या रेघांच्या चिन्हाला.

तांबेतार

आता समजा ती काळी वायर तुटली आहे. पेन्सिलने त्या रेघेवर फुली मारा आणि करंटच्या मागे चला. ब्रेक दाबला, १२ व्होल्ट ब्रेकच्या फिलामेंटमधून ठिपक्यापाशी आला. खाली जायला वाट नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो, इंडिकेटरच्या वायरने पुढे जातो, आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून बॉडीला पोचतो. पुढच्या दिव्याचं अर्थिंग चांगलं आहे ना. तीन २१ वॉटचे बल्ब एकापाठोपाठ एक, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४ व्होल्ट. म्हणून तिन्ही अंधुक. डॅशवरचा बाण पुढच्या इंडिकेटरच्याच वायरवर आहे, म्हणून तोही.

ब्रेक दाबून इंडिकेटर दिला की फ्लॅशर त्याच वायरवर १२ व्होल्ट देतो. आता मागच्या इंडिकेटरच्या दोन्ही टोकांना जवळजवळ १२ व्होल्ट. फरकच नाही, मग पेटणार कसा? फ्लॅशर बंद झाला की पुन्हा ती उलटी वाट सुरू. म्हणून पुढचा आणि मागचा आलटून पालटून.

खात्री करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, पोचत नसेल तर लांब वायर जोडा. लाल टोक मागच्या डाव्या कपलरच्या काळ्या वायरवर. ब्रेक दाबून धरायला सांगा आणि आकडा लिहा. चांगलं अर्थिंग असेल तर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवा. दिवा चालू असतानाच मोजायचं, बंद असताना आकडा शून्यच येईल.

मोहर

हे वाचताना मी स्वतः वहीत काढून बघितलं आणि खरंच सगळं जुळतंय! इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय, पण गाडीकडे असं कधी बघितलं नव्हतं. एक विचारते, कपलरच्या पिनांचे नंबर मला नेहमी उलटे सापडतात. काय चुकत असेल?

नेकारकाठ

मोहरताई, कपलरचं चित्र कोणत्या बाजूने काढलंय ते बघा. वायरी आत शिरतात त्या बाजूने बघितलं तर १ नंबर डावीकडे असेल, तोंडाच्या बाजूने बघितलं तर तोच उजवीकडे. कपलरचे दोन अर्धे भागही एकमेकांचे आरसे असतात. मॅन्युअलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की चित्र कुठल्या बाजूने आहे. लॉकची पट्टी वर धरायची आणि आधी वायरींचे रंग जुळवायचे. दोन-तीन रंग जागेवर आले तरच मीटर लावायचा. युनिटच्या मोठ्या कपलरमध्ये हे चुकलं तर नुकसान मोठं होतं.

मिरजेचा_वाटसरू

मोजलं. ७ च्या वर आकडा! म्हणजे अर्थिंग गेलंय ना? पण वायर तर लॅम्पपाशी धडधाकट दिसते.

तांबेतार

लॅम्पपाशी दिसत असेल, पण ती बॉडीला कुठे पोचते ते बघा. डायग्राममध्ये त्या चिन्हाजवळ अर्थिंगच्या जागेचा नंबर असेल, आणि मॅन्युअलच्या मागच्या पानांवर गाडीचं चित्र काढून ते नंबर दाखवलेले असतात. तिथला बोल्ट सोडवा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा पॉलिशपेपरने उजळ होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस. मग पुन्हा तोच आकडा मोजा.

मिरजेचा_वाटसरू

मागच्या डाव्या चाकाच्या वर, आतल्या पत्र्याखाली सापडला. थिंबल हिरवं पडलं होतं आणि हातात तुटून आलं. नवं थिंबल क्रिंप करून बसवलं. आता ०.०८ व्होल्ट. ब्रेकलाइट दोन्ही सारखे, इंडिकेटर सुरळीत. स्विचचे पैसे वाचले. तांबेतार, तुमचे मनापासून आभार. आता उजवीकडचंही थिंबल बघतो.

शंकासमाधान_नाशिक

कॅन बसच्या, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिटं ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या वायरी डायग्राममध्ये कशा ओळखायच्या? टेस्ट कशी करायची?

शिक्षक_ऑटोइले

दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या दाखवतात, नावं कॅन-एच आणि कॅन-एल. एकाच जोडीवर अनेक युनिटं लटकलेली दिसतात. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ पिनांमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाकडची वाट तुटली आहे. काही गाड्यांत मध्ये गेटवे (दोन बसना जोडणारं युनिट) असतो, तिथे या पिनांवरून आतली बस दिसत नाही, हे डायग्रामवर आधी बघायचं. दुरुस्ती करताना पीळ जितका राखता येईल तितका राखा.

आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की थांबायचं. ती ६० व्होल्ट डीसीच्या वरची बाजू, प्रशिक्षण आणि साहित्य असल्याशिवाय तिथे काम नाही. त्याच गाडीतले १२ व्होल्टचे दिवे आणि हॉर्न मात्र वर सांगितलं तसेच वाचायचे.

ऊसपट्टा

उशिरा आलो, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. आमच्याकडे सीझन सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर. निम्म्या ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात ट्रॉली दिसत नाही. आमच्या गावात असे अपघात झालेत. आम्ही काही जणांनी यंदा सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लावायचं ठरवलंय. लावले की चार दिवस चालतात आणि मग लुकलुकायला लागतात, खड्ड्यात ट्रॉली हादरली की बंद. ट्रॅक्टरच्या सॉकेटला सात पिना आहेत. नीट वायरिंग कसं करायचं?

तांबेतार

हे काम फार मोलाचं करताय, शेवटपर्यंत मदत करतो. हादरल्यावर बंद म्हणजे मला आधी अर्थिंगचाच संशय आहे. एक सांगा, ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढली आहे का, की हुकाच्या पिनेवर भागवलंय?

ऊसपट्टा

वेगळी नाही. लोखंडाला लोखंड लागलंय म्हणून सोडली.

तांबेतार

मग तेच. हुकात ढिलाई असते, गंज असतो, ग्रीस असतं, आणि उताराला लागल्यावर पिनेचा संपर्क क्षणभर सुटतो. सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट त्या एका पिनेतून. ट्रॉलीच्या बॉडीवरही भरवसा नको, प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आणा.

सात पिनी सॉकेटचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७२४ आहे. त्यात पिना अशा: १ डावा इंडिकेटर, पिवळी वायर. २ मागचा फॉगलॅम्प, निळी. ३ अर्थिंग, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा टेल, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा टेल, काळी. इथेही बघा, काळी आणि हिरवी दोन्ही अर्थिंग नाहीत, पांढरी आहे. तुमच्या ट्रॅक्टरच्या सॉकेटमागे याच क्रमाने वायरी असतीलच असं नाही. आधी टेस्ट लॅम्पने प्रत्येक पीन तपासा, एकेक दिवा चालू करत, आणि कागदावर लिहून घ्या.

अर्थिंगची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घ्या, २.५ चौरस मिलिमीटर, बाकी १.५ चालतील. दोन ब्रेकलाइट २१ वॉटचे म्हणजे साडेतीन अँपिअर, त्यात टेल आणि इंडिकेटर मिळवा, सगळा करंट त्या एका वायरने परत येणार. जोडांना पिळून टेप गुंडाळू नका, क्रिंप करून हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. चिखल आणि पाचट लागणार आहे, म्हणून वायर पाइपात घालून चॅसीच्या आतल्या बाजूने न्या.

सगळ्या ट्रॉल्यांना एकच क्रम ठेवा. म्हणजे कोणाचीही ट्रॉली कोणाच्याही ट्रॅक्टरला लागली तरी दिवे चालतील.

ऊसपट्टा

ट्रॅक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. उद्या दोन्हींच्या सॉकेटच्या पिना तपासतो आणि यादी इथे टाकतो. ज्यात फरक असेल त्याचं सॉकेट मागून बदलून घेऊ की ट्रॉलीकडे?

तांबेतार

ट्रॅक्टरकडे बदला. ट्रॉल्या जास्त आहेत, आणि त्या सगळ्या एकसारख्या राहिल्या पाहिजेत. सॉकेटच्या झाकणाच्या आत क्रमाचं चित्र ऑइलपेंटने काढून ठेवा. यादी टाका, त्यावरून दोन्ही ट्रॅक्टरचे डायग्राम मी काढून देतो.